तणस जाळायचं की मुरवायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्या-नाशिककडे किंवा कोकणात ज्याला पेंढा म्हणतात, त्याला आमच्या झाडीपट्टीत तणस म्हणतात. कुणी तणीसही म्हणतं. धान मळून झालं की जी पिवळी काडी मागे उरते, ती. गोंदिया जिल्ह्यात खरिपात पावणेदोन लाख हेक्टरांच्या वर धान असतं. हेक्टरी तीन टन काडी धरली, तरी पाच लाख टनांचा हिशेब होतो, आणि उन्हाळी धानाची काडी त्यात धरलेलीच नाही. एवढा मोठा ढीग दरवर्षी शेतात पडतो. त्यातला काही कोठ्यात जातो, काही छपरावर जातो, आणि अलीकडे बराचसा आगीत जातो. गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात. रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या इथल्या गिरण्यांचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. तांदळाच्या मागे उरलेल्या काडीचा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही. आज तोच सांगायचा आहे.

तणस हा मोठा फसवा चारा आहे. जनावराचं पोट त्याने भरतं, पण अंगी लागत नाही. दिवसभर तणस चघळणारी गाय उन्हाळा संपता संपता बरगड्या मोजता येतील इतकी उतरते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कारण काडीतच आहे. प्रथिनं जेमतेम तीन ते चार टक्के. धानाचं झाड जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूचाच सगासोयरा असलेला पदार्थ, भरपूर शोषून घेतं आणि पानांत साठवतं. त्यामुळे काडी करकरीत होते आणि कोटीपोटातल्या जिवाणूंना तिच्यात शिरकाव करता येत नाही. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या बाबतीत पान मऊ आणि दांडा टणक असतो, धानाचं उलटं आहे. इथे सिलिका पानात जास्त, म्हणून दांडा पानापेक्षा चांगला पचतो. धान जमिनीलगत कापलं तर चारा सरस मिळतो तो त्यामुळेच. शिवाय तणसात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. दुभत्या गाईला हे फार बाधतं.

मग आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी जनावरं जगली कशी? एक म्हणजे ती नुसत्या तणसावर जगत नव्हती. पावसाळाभर रान मोकळं होतं. सकाळी गावची ढोरं आखरावर गोळा व्हायची आणि गोवारी ती रानात घेऊन जायचा. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ढोरं झाडाखालून हलत नसत. दुसरं म्हणजे लाखोळी. धान उभं असतानाच, बांधीतली ओल उडण्यापूर्वी, लाखोळीचं बी फेकून द्यायचं. धान कापून नेलं की खाली हिरवी लाखोळी तयार. तिची डाळ माणसांनी खाल्ली. ती अती खाल्ल्याने पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली, त्या वादात आज शिरत नाही. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर लाखोळीचं कुटार ढोरांच्या पोटात जायचं. लाखोळी शेंगवर्गातली, तिच्या कुटारात प्रथिनं तणसाहून कितीतरी जास्त. तणसाच्या जोडीला हे कुटार हा कुणी शास्त्रज्ञाने न सांगितलेला, पण बरोबर बसलेला आहार होता. तिसरं कारण मळणीचं. खळ्यात बैलांची पात फिरायची, त्यांच्या खुरांखाली काडी चेपली जाऊन मऊ व्हायची. यंत्राने मळलेल्या तणसाला तो मऊपणा नसतो. आणि चौथं, लुचईसारखी जुनी धानं उंच वाढत. दाणा कमी, काडी जास्त. 1966 नंतर आय. आर. 8 आणि मग जया अशी बुटकी धानं आली. दाणा वाढला आणि काडी आखूड झाली. भूक भागली हे खरं, पण कोठ्याच्या हिशेबात काय उणं झालं याची नोंद कुणी ठेवली नाही.

इंग्रजांच्या काळात धानाच्या मुलखातल्या लहानखुऱ्या जनावरांबद्दल अधिकारी नाकं मुरडत. पण या जनावरांचं ते लहानपण या चिखलाच्या बांध्यांना शोभणारं होतं. पूर्व विदर्भातल्या अशाच काटक गुरांना ‘कठाणी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आणि 2023 मध्ये त्याची नोंदणी प्रमाणपत्रं दिली गेली. इतकी वर्षं ज्यांना ‘गावठी’ म्हणून हिणवलं, त्यांना आता नाव आलं. असो. 1926 साली नेमलेल्या शेतीविषयक शाही आयोगाने (लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष होते) 1928 च्या अहवालात एक मार्मिक गोष्ट मांडली. जनावरांना पोसायची परिस्थिती जितकी वाईट, तितकी त्यांची संख्या वाढत जाते. कारण अर्धपोटी बैलाकडून काम होत नाही, म्हणून शेतकरी आणखी एक बैल ठेवतो, त्यामुळे चारा आणखी वाटला जातो आणि सगळेच आणखी अर्धपोटी होतात. हे चक्र तोडायचं तर चारा सुधारायला हवा. प्रश्न सगळ्यांना ठाऊक होता. उत्तर मात्र दुसरीकडेच शोधलं जात होतं.

चारा आंबवून टिकवायची कल्पना आपल्या घरात काही परकी नाही. आंबील, ताक, लोणचं, रात्री पाणी घालून ठेवलेला भात, सगळीकडे हेच. दुभत्या जनावराला कोंडा, पेंड, भाताची पेज भिजवून जे देतात त्याला मराठीत आंबोण म्हणतात, आणि त्या शब्दात आंबणं ऐकू येतंच. पण आंबवण्याची ही विद्या आपण स्वयंपाकघराबाहेर, फार तर गव्हाणीतल्या त्या एका घमेल्यापर्यंतच नेली. गाडीभर चाऱ्याचं लोणचं घालावं हे आपल्याला सुचलं नाही. सुचायची गरजही नव्हती, कारण आपल्याकडे ऊन आहे. ज्याला ऊन मिळतं तो चारा वाळवतो. ज्याला मिळत नाही त्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

तो मार्ग युरोपने शोधला. जर्मनीकडे बीटची पानं खड्ड्यात दाबून ठेवायची रीत होती. म्हणजे सुरुवातच पिकाच्या टाकाऊ भागापासून झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये सोलोन्य या गरीब, पाणथळ भागातल्या ऑग्युस्त गोफार नावाच्या शेतकऱ्याने वीसेक वर्षं धडपड करून हिरवा मका कापून, दाबून, हवा न लागू देता साठवायची पद्धत बसवली आणि 1877 साली त्यावर पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघालं. यामागचं तत्त्व साधं आहे. हिरव्या चाऱ्यात साखर असते. हवा कोंडली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद, त्या साखरेवर वाढतात. चारा आंबट होतो, आणि एवढ्या आंबटात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस चाऱ्यावर थेट पातळ आम्ल शिंपडून हेच काम झटपट आणि खात्रीने करून दाखवलं. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः या चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल मिळालं. गाईच्या चाऱ्याला नोबेल, हे ऐकून आपल्याकडे अजूनही लोक हसतात.

1880 नंतर हिंदुस्थानातही लष्कराच्या कुरणांवर आणि सरकारी शेतांवर असे खड्डे घातले गेले. मराठीत त्याला मुरघास हे फार चांगलं नाव मिळालं. लोणचं मुरतं तसा मुरलेला घास. पश्चिम महाराष्ट्रातल्या दुधाच्या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत मक्याचा मुरघास घराघरात पोचला. पिशव्यांत, खड्ड्यांत, गाठींत, जसा जमेल तसा. गोंदियात मात्र तो पोचला नाही, किंवा फार थोडा पोचला. कारण मुरघासाला हिरवा, ओला, गोड चारा लागतो. वाळलेल्या तणसात ना ओल, ना साखर. ते खड्ड्यात घालून झाकलं तर आंबत नाही. नुसतं पडून राहतं, आणि पाणी लागलं तर बुरसतं. बुरसलेलं तणस किती वाईट याचा पुरावा पंजाबातून आला. 1930 च्या सुमारास तिथल्या डेग नाल्याच्या काठी म्हशींचे कान, शेपट्या आणि पाय सडायला लागले. त्या रोगाला आजही ‘डेगनाला’ म्हणतात, आणि बुरशी लागलेल्या तणसाशी त्याचं नातं जोडलं जातं.

म्हणजे तणसाला आंबट मार्ग बंद होता. उरला उलटा मार्ग, क्षाराचा. त्याचा जन्म युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, बाहेरून धान्य आणि पेंड येणं थांबलं, घोडे आणि गाई उपाशी मरू लागल्या. तेव्हा एर्न्स्ट बेकमान या रसायनशास्त्रज्ञाने गव्हाचं काड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायची आणि मग धुऊन घ्यायची पद्धत बसवली. लिग्निन नावाचा जो लाकडी गिलावा काडीतल्या तंतूंना जखडून ठेवतो, तो क्षाराने सैल होतो आणि पचन वाढतं. मात्र धुण्यासाठी पाणी फार लागायचं, आणि त्या पाण्याबरोबर काडीतला बराच पोषक भागही वाहून जायचा. युद्ध संपलं तशी पद्धतही मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात तिची पुन्हा आठवण झाली. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत के. सी. सेन, एस. सी. राय आणि एस. के. तालपत्र या तिघांनी क्षार लावलेल्या काडाच्या पोषणमूल्यावरचं संशोधन 1942 साली प्रसिद्ध केलं. तणसातल्या ऑक्झॅलेटचा आणि कॅल्शियमचा गुंताही पुढे याच मंडळींनी उलगडायला घेतला. प्रयोगशाळेत उत्तर मिळालं होतं. पण ज्या कास्तकाराकडे पिण्याचं पाणी डोक्यावरून येतं, त्याने काड धुवायला शेकडो लिटर पाणी आणायचं कुठून?

यातून वाट निघाली ती युरियाची. युरिया ओल्या काडीवर शिंपडून हवाबंद झाकला की काडीवरचेच जिवाणू त्याचा अमोनिया करतात. अमोनिया हाही क्षारच. तो काडीत भिनतो, तंतू फुगतात आणि सैल होतात, वर त्यातला काही नत्र काडीतच राहतो. कोटीपोटातले जिवाणू त्या नत्रापासून प्रथिनं घडवतात. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, आणि धुवायचं काही नाही. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात काम करणाऱ्या एम. जी. जॅक्सन यांनी 1978 साली अन्न व कृषी संघटनेसाठी काडीवरच्या प्रक्रियांचं एक छोटं पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. बांगलादेश म्हणजे आपल्यासारखाच धानाचा देश. तिथे मैमनसिंगच्या कृषी विद्यापीठाने बांबूच्या टोपल्यांत आणि मातीच्या खड्ड्यांत हे करून दाखवलं. चीनने तर 1992 पासून काडीवर बैल पोसायचा राष्ट्रीय कार्यक्रमच काढला, आणि हेनान, आन्हुई अशा प्रांतांत तो मोठ्या प्रमाणावर चालला.

कृती अगदी सोपी आहे. शंभर किलो वाळलेलं तणस घ्या. चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. जमिनीवर ताडपत्री अंथरून तणसाचा थर द्या, झारीने पाणी शिंपडा, पायांनी तुडवा, पुन्हा थर, पुन्हा पाणी. असा ढीग रचून प्लास्टिकने कडेकोट झाकायचा आणि तीन आठवडे हात लावायचा नाही. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो, रंग गडद पिवळा-तपकिरी झालेला असतो. लागेल तेवढं काढून तासभर उघड्यावर पसरून ठेवायचं, वास उडाला की घालायचं. प्रथिनांचा आकडा तीन-चारवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो, पचन सुधारतं आणि जनावर खातंही जास्त. 45 किलोच्या युरियाच्या पोत्याला 266 रुपयांच्या आसपास पडतात, तेव्हा शंभर किलो तणसामागे युरियाचा खर्च 24 रुपयांच्या घरात येतो. किलोला पाव रुपया. मात्र काही पथ्यं आहेत आणि ती मोडली तर जीव जातो. युरियाचं पाणी उघडं ठेवायचं नाही, जनावराने ते प्यायलं तर विषबाधा होते. मोजमाप अंदाजाने करायचं नाही. सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा घालायचा नाही. घोडा, डुक्कर अशा रवंथ न करणाऱ्यांना तर नाहीच.

लोक याला सर्रास ‘आंबवलेलं तणस’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने हे आंबणं नव्हे, कारण मुरघास आंबट होतो आणि हे तणस खारट बाजूला जातं. पण झाकून ठेवायचं, धीर धरायचा आणि जिवाणूंना काम करू द्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. त्यामुळे शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही.

खरोखर जिवाणू-बुरशी लावून तणस आंबवायचाही एक गंभीर प्रयत्न आपल्या देशात झाला. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने काडाला आधी युरिया लावून मुरवायचं, मग त्यावर ‘कोप्रायनस’ जातीची बुरशी, म्हणजे शाईटोपी नावाच्या अळंबीची नातलग, वाढवायची अशी दोन टप्प्यांची रीत काढली. तिला कर्नाल प्रक्रिया म्हणतात. बुरशी अमोनियातला नत्र खाऊन आपल्या अंगात प्रथिनं बनवेल, लिग्निन फोडेल आणि गाईला आयता खुराक मिळेल, अशी ती कल्पना होती. कागदावर ती फारच देखणी होती. प्रत्यक्षात बुरशीलाही पोट आहे. ती वाढायची तर ती काडीतलाच सोपा, पचणारा भाग आधी खाते. उरतं त्यात प्रथिनं जास्त दिसतात, पण एकूण चारा कमी झालेला असतो. गाईच्या ताटातलं बुरशीने खाल्लं. शिवाय शेतावर नको ती बुरशी वाढण्याची भीती होतीच. कर्नालची रीत शेतकऱ्याच्या कोठ्यापर्यंत गेली नाही. मला वाटतं, हे अपयश यशापेक्षा जास्त शिकवून गेलं, कारण आजही बाजारात ‘एक चमचा टाका, काडाची पेंड होईल’ अशा पुड्या विकल्या जातात. त्या विकणाऱ्याला एकच विचारावं, जिवाणू काय खाऊन वाढणार आहेत?

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत आणि नेदरलँड्स यांनी मिळून पीक-अवशेषांवर एक मोठा प्रकल्प चालवला. देशातल्या अनेक संस्था त्यात होत्या, मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला सुरू केलेली बाएफही होती. 1991 साली कर्नालला कार्यशाळा झाली आणि 1993 मध्ये तिचा ग्रंथ निघाला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिथलं प्रामाणिकपण. युरियाने तणस सुधारतं, यात वाद नाही, पण शेतकरी ते करेलच असं नाही, असं तिथे स्पष्ट मांडलं गेलं. तणस भरपूर आणि स्वस्त असेल, हिरवा चारा नसेल, पाणी हाताशी असेल आणि दुधाला पैसा मिळत असेल, एवढं सगळं जुळलं तरच ही पद्धत परवडते. हिरवा चारा असेल तिथे मूठभर हिरवा चारा आणि थोडी पेंड तणसात मिसळणं सोपं पडतं. चांगलं तणस मिळणाऱ्या गाईला दूधच द्यायचं नसेल, नुसतं तगून राहायचं असेल, तर ही मेहनत कशाला?

या चार अटींच्या तराजूत गोंदिया घालून पाहा. तणस भरपूर, हो. उन्हाळ्यात हिरवा चारा नाही, हेही खरं. पाणी? हा तळ्यांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेली तळी, नवेगाव बांधसारखा तलाव, इटियाडोहचं धरण, गावोगावच्या बोड्या. पाण्याची गरज शंभर किलोला पन्नास-साठ लिटर, ती भागण्यासारखी आहे. मात्र हे पाणी वाहून आणणार कोण? कोठा बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. शेण तीच काढते, तणस तीच घालते, धार तीच काढते. आणि युरियाची प्रात्यक्षिकं मात्र वर्षानुवर्षं चावडीवर पुरुषांना दाखवली गेली. ज्याने ऐकलं त्याला करायचं नव्हतं, आणि जिला करायचं होतं तिने ऐकलं नव्हतं. त्यात धान मळण्याचे आणि तणस रचायचे दिवस एकच. त्या पंधरवड्यात घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

चौथी अट दुधाची, आणि तीच सगळ्यात नडली. गोंदियात गाई पाळल्या त्या बैलांसाठी, दुधासाठी नाही. बैल चिखलणी करायचे, मळणी करायचे, गाडी ओढायचे. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करतं. बैल गेले आणि त्यांच्याबरोबर तणसाचं गिऱ्हाईकही गेलं. पूर्वी शेतकरी काडी जपायचा, कारण कोठ्यात चार तोंडं वाट पाहत असायची. आता गल्लीत तणसाचा ढीग म्हणजे आगीचं निमित्त, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळ घरांत उरला आहे.

यातच हार्वेस्टर आला. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दर परवडत नाही, म्हणून धान उभ्या-उभ्या यंत्राने कापलं जातं. शेतकऱ्याला दोष देण्यात हशील नाही. पण यंत्र धान वरून कापतं, खाली हातभर खुंट उभी राहते, आणि तुटलेली काडी बांधीभर पसरते. आठवा, धानात दांडा पानाहून चांगला. म्हणजे यंत्र नेमका चांगला भाग खुंटीत सोडतं. ही विखुरलेली काडी गोळा करायची तर पुन्हा मजूर. त्यापेक्षा काडेपेटी स्वस्त. पंजाब-हरियाणाच्या धुराच्या बातम्या आपण वाचतो, पण पूर्व विदर्भातही ही सवय जडू लागली आहे. काडी जळते तेव्हा तिच्यातला नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो. ज्या युरियासाठी हंगामात रांगा लागतात, त्याचाच काही भाग आपण असा धुराने परत पाठवतो.

गंमत अशी की ज्या यंत्राने ही अडचण केली, त्यानेच एक नवी फटही उघडली आहे. मघाशी सांगितलं की वाळलेलं तणस आंबत नाही. पण हार्वेस्टरमधून नुकतंच पडलेलं तणस वाळलेलं नसतं. त्यात अजून ओल असते, थोडा हिरवेपणा असतो. जुन्या पद्धतीत कापलेलं धान कडपा करून शेतात वाळायला टाकायचे, मग भारे, मग पुंजणे, मग मळणी. तोवर काडी कोरडी ठाक. आता कापणी आणि मळणी एकाच घटकेला होते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ती काडी गोळा करून घट्ट गाठी बांधल्या, थोडा गूळ किंवा मळी आणि लॅक्टिक जिवाणूंचं विरजण घातलं आणि प्लास्टिकने गुंडाळली, तर तिचा मुरघास होतो. दक्षिण कोरियात धान कापल्यावर शेताशेतांत अशा पांढऱ्याशुभ्र गोल गाठी दिसतात, तिथली मुलं त्यांना मार्शमॅलो म्हणतात. जपानने तर पुढे जाऊन सबंध धानच, दाण्यासकट, जनावरांसाठी पेरून मुरवायला सुरुवात केली, आणि सरकार त्याला भरघोस अनुदान देतं. आपण दाण्यासकट मुरवावं असं मी म्हणणार नाही. पण काडी मुरवायला काय हरकत आहे?

हरकत पैशाची आहे, हे आधीच कबूल करायला हवं. गाठी बांधणारं यंत्र, म्हणजे बेलर, लाखांच्या घरात जातो. दोन एकराच्या माणसाने तो घ्यायचा नाही, भाड्याने लावायचा. गावात हार्वेस्टर भाड्याने येतोच, त्याच्या मागोमाग बेलर का येऊ नये? हार्वेस्टरवाल्याला खुंट थोडी खाली कापायला सांगितलं तर तो डिझेलचा हिशेब मांडेल, पण त्या चार बोटांत चाऱ्याचा चांगला भाग आहे हे त्याला भाव देऊन पटवता येईल. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये 2019 नंतर काही वर्षं गोठाण योजनेत शेतकऱ्यांकडून तणस, त्यांच्या भाषेत पैरा, दान म्हणून गोळा केलं जात होतं. दानावर चाललेली गोष्ट सरकार बदललं की थांबते. तणसाला दान नको, भाव हवा.

भाव येईल तो दुधातून. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला 2024 मध्ये मान्यता मिळाली. त्यात 19 जिल्हे आहेत, म्हणजे विदर्भाचे सगळे 11 आले आणि गोंदियाही आला. दुभती जनावरं येतील, संकलन वाढेल. पण बाहेरून आणलेल्या संकरित गाईपुढे कोरडं तणस टाकलं तर ती कठाणीसारखी तगणार नाही, महिनाभरात आटेल. आणि बाहेरून ट्रकने मक्याचा मुरघास आणला तर दुधाचा पैसा वाहतुकीत जाईल. पाच लाख टन चारा घरात असताना बाहेरचा चारा विकत घेणारा जिल्हा, असं चित्र पुढे दिसू नये असं वाटतं.

यात तांदळाच्या गिरण्यांनाही जागा आहे. गिरणीतून निघणारा कोंडा पौष्टिक, पण त्यातलं तेल लवकर खवट होतं. तेल काढून घेतलेला कोंडा टिकतो आणि मुरवलेल्या तणसाच्या जोडीला चांगला जातो. लाखोळीच्या कुटाराची जी जागा रिकामी झाली आहे, ती काही अंशी भरून काढायला हा कोंडा, उडीद-मुगाची टरफलं, जमल्यास बांधावरची सुबाभूळ कामी येईल. कॅल्शियमसाठी खनिज मिश्रण मात्र घालावंच लागेल, तणस मुरवलं तरी त्यातलं ऑक्झॅलेट आपोआप सुधारत नाही.

ज्यांना यंत्राची वाट पाहायची नाही, त्यांनी युरियाची साधी रीत एकदा शंभर किलोवर करून पाहावी. सगळ्या ढिगावर नको. खरिपाचं तणस दिवाळीनंतर घरी येतं, पण मुरवायची वेळ ती नव्हे. तेव्हा हात मोकळे नसतात आणि रानात थोडा चाराही असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन तापू लागलं आणि कामं सरली की ढीग घालावा, मार्चच्या मध्याला तो उघडतो आणि मग पाऊस पडेपर्यंतचे तीन कठीण महिने पुरवता येतो. उन्हाळी धानाचं तणस मात्र मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर हाती येतं. ते वाळवायला सवड नसते, भिजलं तर बुरसतं. ओल्या काडीला प्लास्टिकखाली झाकून युरियाने मुरवण्याचा खरा उपयोग तिथेच आहे, कारण अमोनिया बुरशीला वाढू देत नाही. अर्जुनी मोरगावपासून तिरोड्यापर्यंत जिथे जिथे कालव्याचं पाणी पोचतं, तिथे हेच तणस मे महिन्यात सगळ्यात जास्त जळतं.